ताप आला? आधी प्रवास सांगा!

आपल्या घरात ताप ही काही नवलाची गोष्ट नाही. पावसाळा सरत आला की घरोघरी एखादं तरी अंथरूण पसरलेलं असतंच. मुलांच्या शाळा, पाहुण्यांची ये-जा, सणवार यांच्या धबडग्यात आपण कपाळाला हात लावून पाहतो, गवती चहा नि आल्याचा काढा करतो, तापाची गोळी देतो आणि आपल्या कामाला लागतो. नव्याण्णव वेळा तेवढं पुरतंही. पण शंभरावी वेळ कशी असते, ते मी २०२४ च्या गणपतीत पाहिलं. मैत्रिणींनो, ते पाहिलं म्हणूनच आज हा लेख लिहायला बसले आहे.

मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, चारचौघींसारखा संसार करणारी, आणि सकाळच्या वेळात इथल्या शाळेत मराठी नि इतिहास शिकवणारी बाई. यातली वैद्यकीय माहिती आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतली आणि लेख पाठवण्यापूर्वी त्यांना वाचूनही दाखवला. माहितीतल्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या. घरात झालेल्या चुका मात्र आमच्याच आहेत आणि त्या मी आहेत तशा सांगणार आहे.

चौदा महिन्यांनी घरी

आम्ही वाईला राहतो. माझे धाकटे दीर नायजेरियातल्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. धाकटी जाऊ आणि साडेचार वर्षांचा पुतण्या इथं आमच्याजवळ असतात. चौदा महिन्यांनी भाऊजी गणपतीसाठी घरी आले ते ४ सप्टेंबरला. मुलगा आधी बापाला पाहून लाजला, दाराआड लपला, आणि दोन दिवसांनी त्याच्या खांद्यावरून उतरेना! सासूबाईंना तर काय करू नि काय नको असं झालं होतं.

१० तारखेला गौरी यायच्या होत्या. दुपारी भाऊजी आरास करायला मदत करत होते. एकदम म्हणाले, "वहिनी, जरा गोधडी देता का? अंग मोडून आलंय."

बघता बघता त्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. ताप मोजला तर १०३! "प्रवासाचा शीण, त्यात परवा पावसात भिजला," सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. काढा झाला, गोळी झाली. रात्री दरदरून घाम येऊन ताप उतरला. आम्ही निर्धास्तपणे गौरीच्या मुखवट्यांना हळदीकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी गौरीजेवण. पुरणपोळी भाऊजींच्या आवडीची. पण त्यांनी घास तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. ताप परत चढला होता. आमचे नेहमीचे डॉक्टर सणासाठी गावाला गेलेले, म्हणून संध्याकाळी दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. तिथं ही गर्दी! त्या डॉक्टरांनी विचारायचं ते बरोबर विचारलं. म्हणाले, "कुठं बाहेरगावी गेला होतात का?"

भाऊजींच्या आधी सासूबाईच बोलल्या, "नाही हो, आठ दिवस घरीच आहे."

शब्दन् शब्द खरा होता. आठ दिवस ते घरीच होते. आणि त्या एका खऱ्या वाक्यानं घरावर केवढा प्रसंग आणला! मी तिथंच उभी होते. मी म्हणू शकले असते, "डॉक्टर, त्याआधी चौदा महिने हे आफ्रिकेत होते." पण म्हटलं नाही.

का म्हटलं नाही? सासूबाईंनी घरातून निघतानाच बजावलं होतं, "परदेशातून आलाय हे गावभर करू नका. करोनाच्या वेळी काय झालं ते विसरलात का? लोक अंगणात पाय ठेवत नव्हते." घरात गौरी बसलेल्या, सवाष्णी हळदीकुंकवाला यायच्या होत्या. आणि भाऊजींनाही वाटत होतं, ही गोष्ट कंपनीपर्यंत गेली तर पुढच्या कराराचं काय? शिवाय ते सारखं म्हणत होते, "तिकडं असा ताप सगळ्यांना येतो. दोन दिवस गोळ्या घ्यायच्या नि कामावर जायचं." थोडक्यात, प्रत्येकाला गप्प बसायला आपापलं कारण होतं.

कागदावरचं 'नाही'

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं. प्लेटलेट ६२ हजारांवर आलेल्या. निदान दीड लाख तरी असायला हव्यात. गावात डेंग्यूची साथ होती, तेव्हा सगळ्यांच्या मनात डेंग्यूच. मलेरियाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जंतू आढळले नाहीत.' सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

दुपारी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अगं, डोळे पिवळे दिसताहेत की! कावीळ आहे ही. पलीकडच्या गावात एक बाई औषध देतात, उद्या घेऊन जा." आणि खरं सांगते, आम्ही जाणारही होतो.

पहाटे तीनच्या सुमारास जावेनं दार वाजवलं. "ताई, हे कसंतरीच बोलताहेत." भाऊजी उठून बसायला बघत होते, पण बसवत नव्हतं. पुन्हा पुन्हा विचारत होते, "विमान किती वाजता आहे?" मुलगा जागा होऊन जवळ गेला, तर त्याच्याकडं बघून म्हणाले, "हा कुणाचा?" जावेनं तोंडाला पदर लावला. लघवी कोऱ्या चहासारखी झाल्याचं ती दोन दिवस बघत होती. पण पाणी कमी प्यायलं म्हणून होत असेल, असं समजून बोलली नव्हती.

आमच्या ह्यांनी डॉक्टरांच्या घरी फोन लावला. सुदैवानं ते रात्रीच परतले होते. मी आधारकार्ड शोधायला भाऊजींची बॅग उघडली, तर दोन वस्तू हाताला लागल्या. एक, पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं पुस्तक. दुसरी, मलेरियाच्या गोळ्यांचं पाकीट. त्यातल्या फक्त दोन वेळच्या गोळ्या संपलेल्या होत्या. दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकल्या.

डॉक्टरांनी ते पिवळं पुस्तक उघडलं आणि मला एवढंच विचारलं, "कुठून आले, आणि किती दिवस झाले?" मी सांगितलं. गोळ्यांचं पाकीटही दाखवलं. ते म्हणाले, "कालच्या कागदावर मलेरिया नाही म्हटलंय. पण आता मी त्या कागदावर विसंबणार नाही."

त्यांनी बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला. दिवस गेलेत का ते घरी बघतात ना, तशीच ही पट्टी असते. वीस मिनिटांच्या आत रेघ उमटते. त्याच वेळी रक्तातली साखर पाहिली, ती बरीच उतरली होती. शिरेतून लगेच साखरेचं पाणी सुरू केलं. रेघेची वाट बघत न बसता त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. ती दाराशी आली तोवर पट्टीवर दुसरी रेघ स्पष्ट दिसत होती.

साताऱ्याच्या इस्पितळात पुन्हा रक्त तपासलं. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया. दर शंभर तांबड्या पेशींपैकी सात पेशींत जंतू. मूत्रपिंडाचं कामही मंदावलेलं. अतिदक्षता विभागात ठेवून आर्टेसुनेटची इंजेक्शनं सुरू झाली: एक लगेच, दुसरं बारा तासांनी, तिसरं चोवीस तासांनी, आणि मग रोज एक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत गेले तेव्हा भाऊजींनी डोळे उघडले. "वहिनी," ते म्हणाले, "गौरी गेल्या का?" एरवी कुणी असं विचारलं असतं तर मी हसले असते. त्या दिवशी मात्र बाहेर येऊन भिंतीला टेकून पोटभर रडले.

हा हिवताप पुस्तकातला नव्हे

भाऊजी बरे व्हायला लागल्यावर माझ्या डोक्यात प्रश्नांचा भुंगा सुरू झाला. आपण शाळेत शिकलो तो हिवताप एक दिवसाआड, ठरल्या वेळी, थंडी वाजून येतो. मग हा रोज कसा आला? आणि तपासणीत आधी 'नाही' कसं आलं?

डॉक्टरांनी मला शांतपणे समजावून दिलं. मलेरियाचे जंतू अनेक जातींचे. आपल्याकडं मुख्यतः दोन, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. अ‍ॅनाफिलिस डासाची मादी चावली की ते अंगात शिरतात. ही मादी चावते ती बहुधा तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हे जंतू सापडले, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल! पण पुढचं मला ठाऊक नव्हतं.

जंतू अंगात शिरल्या शिरल्या ताप येत नाही. आधी ते यकृतात वाढतात, मग रक्तात उतरतात. फाल्सिपेरमचा ताप डास चावल्यापासून बहुधा एक आठवडा ते एक महिना, या दरम्यान येतो. कधी त्याहून उशिरा. म्हणजे डास तिकडं चावतो आणि ताप इकडं, आपल्या घरात येतो. भाऊजी आठ दिवस घरी होते, हे सांगून आम्ही डॉक्टरांची वाट चुकवली ती अशी.

फाल्सिपेरमचा ताप घड्याळ लावून येत नाही. तो रोज येतो, दिवसातून दोनदा येतो, कधी उतरतच नाही. 'एक दिवसाआड नाही, म्हणजे मलेरिया नाही' हा समज मनातून काढून टाका. थंडी वाजलीच पाहिजे असंही नाही. नुसती डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, जुलाब यांनीही सुरुवात होते.

या जातीची खरी खोड वेगळीच आहे. तिनं पछाडलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मोरीच्या नळीत गाळ साठावा तसं मेंदूत, मूत्रपिंडात, फुप्फुसात रक्त अडतं. त्यानंच माणूस बरळतो, लघवी कमी होते, धाप लागते. तांबड्या पेशी फुटतात म्हणून डोळे पिवळे होतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. साखर घसरते. आज नुसता तापलेला माणूस एका दिवसात बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो. क्वचित व्हायव्हॅक्समुळेही असा प्रसंग येतो.

एकदा 'नाही' म्हणजे नाही नव्हे

आता ती तपासणी. काचेवर रक्ताचे दोन थेंब घेतात, एक जाड आणि एक पातळ पसरलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर, जाड थेंब म्हणजे परातीत एकदम पायलीभर तांदूळ ओतून त्यात खडा आहे का ते बघणं. पातळ थेंब म्हणजे तेच दाणे सुटे पसरून खडा कसला आहे आणि शंभरात किती आहेत ते ओळखणं. दोन्ही लागतात. पट्टीची तपासणी झटपट होते, पण तिच्याबरोबर काचही हवीच, कारण पट्टी कधी कधी चुकते आणि जंतू किती आहेत ते तिला सांगता येत नाही.

भाऊजींच्या पहिल्या काचेवर जंतू का दिसले नाहीत? आमच्यापासून लपवून त्यांनी बॅगेतल्या दोन वेळच्या गोळ्या घेतल्या होत्या. अर्धवट औषधानं जंतू थोडे दबतात, मरत नाहीत. शिवाय बरेचसे जंतू आतल्या रक्तवाहिन्यांत चिकटून बसल्यानं हाताच्या रक्तात कमी दिसतात. म्हणूनच मलेरियाच्या मुलखातून आलेल्या माणसाचा ताप हटत नसेल, तर एक तपासणी 'नाही' आली तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायची, आणि अशी तीनदा करायची, असा वैद्यकातला नियम आहे. ताप चढायची वाट बघू नका. रक्त केव्हाही घेता येतं.

आणखी एक. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं आपण हल्ली धरून चालतो. पण मलेरियातही त्या कमी होतात. पिवळे डोळे म्हणजे साधी कावीळच असंही नाही. त्या दिवशी आम्ही काविळीच्या औषधासाठी गेलो असतो तर... पुढचं लिहवत नाही.

कुठून आलेल्यांनी जपायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे ९५ आफ्रिकेतले. दर चार रुग्णांतला एक तर एकट्या नायजेरियातला. आपली कितीतरी माणसं नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मोझांबिक, काँगो इकडं नोकरीधंद्याला असतात. वर्षानुवर्षं तिथंच वाढलेल्या माणसांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, आपल्या माणसांत ती नसते. आणि तिथं जन्मलेलाही बरीच वर्षं बाहेर राहून परत गेला, तर त्याची ती शक्ती ओसरलेली असते.

पण आफ्रिकाच कशाला? आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे. छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, ईशान्येकडची राज्यं इथंही आहे. कुणाचा भाऊ निमलष्करी दलात आहे, कुणाचे यजमान मालट्रक चालवतात, कुणाचा मुलगा रस्त्याच्या वा खाणीच्या कामावर आहे. ही माणसं सुट्टीवर घरी येतात, तेव्हा त्यांच्या तापाकडं नेहमीच्या नजरेनं बघू नका. गरोदर बाई आणि लहान मूल यांना तर या तापाचा धोका अधिक. सुट्टीत बाबांकडं राहून आलेली मुलं असतील, तर ताप आल्याच दिवशी दवाखाना गाठा.

परत आल्यापासून तीन महिन्यांत आलेला ताप मलेरिया समजूनच तपासायचा. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि कधी वर्षानंही डोकं वर काढतात. म्हणून वर्षभरातला प्रवास सांगायला विसरू नका.

डॉक्टरांकडं जाताना हे कागदावर लिहून न्या

गर्दीत बोलायला सुचत नाही, हा माझा अनुभव. म्हणून चार ओळी लिहूनच न्याव्या:

१. माणूस कुठून आला: देश, शहर, जंगल की खेडं. वाटेत कुठं मुक्काम होता.
२. तिथं किती दिवस होता आणि परत येऊन किती दिवस झाले.
३. ताप कधी सुरू झाला, किती चढला.
४. जाण्यापूर्वी किंवा तिथं असताना मलेरिया टाळायच्या गोळ्या घेत होता का, आणि नियमानं का. (घेतल्या असल्या तरी मलेरिया होऊ शकतो.)
५. तापावर आतापर्यंत काय काय घेतलं. रिकामी पाकिटं सोबत न्या. लपवू नका!
६. बाई असेल तर दिवस गेलेत का.

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन म्हणा, "हे अमुक ठिकाणाहून आलेत. मलेरियाची तपासणी आजच करायची का?" असं विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, "असं कुणी सांगितलं तर माझं अर्धं काम होतं."

ही लक्षणं दिसली तर तडक मोठं इस्पितळ

• माणूस बरळतो, ओळखत नाही, सारखा झोपेत राहतो किंवा झटके येतात.
• आधाराशिवाय बसता वा उभं राहता येत नाही.
• डोळे पिवळे, लघवी गडद किंवा फारच थोडी.
• धाप लागते, श्वास खोल नि जलद चालतो.
• सारख्या उलट्या, पोटात औषध टिकत नाही.
• हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं किंवा चेहरा पांढराफटक पडतो.
• हातपाय गार, नाडी क्षीण.

यातलं एकही असेल तर गोळ्यांवर भागत नाही, औषध इंजेक्शननंच द्यावं लागतं. पूर्वी यासाठी क्विनीन देत. आता आर्टेसुनेट देतात, कारण त्यानं अधिक माणसं वाचतात हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. ज्या आर्टेमिसिनिनपासून ते बनवतात, त्याच्या शोधाबद्दल चीनच्या तू योयो या बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं.

आणि हे करू नका

तापाच्या गोळीनं ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नका. ती गोळी जंतूंना हात लावत नाही. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या तीव्र गोळ्या मनानं देऊ नका. घरात उरलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या तर नकोच. फाल्सिपेरमवर त्या बऱ्याच ठिकाणी चालेनाशा झाल्या आहेत. अर्धवट औषध घेऊन तपासणीला जाऊ नका, आणि घेतलं असेल तर सांगा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बरं वाटलं तरी पुऱ्या करा. व्हायव्हॅक्ससाठी चौदा दिवसांच्या गोळ्या देतात; त्या मध्येच सोडल्या तर ताप उलटतो. मलेरियाची तपासणी आणि औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, हेही आपल्या कामवाल्या मावशींना सांगून ठेवा.

जाणाऱ्या माणसासाठी एक गोष्ट. त्या पिवळ्या पुस्तकामुळं आमची समजूत झाली होती की भाऊजींनी 'आफ्रिकेची लस' घेतली आहे, आता काळजी नाही. ती लस पीतज्वराची! मलेरियाशी तिचा काही संबंध नाही. मलेरियाची लस निघाली आहे. त्यातली एक आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. पण ती मलेरियाच्या मुलखातल्या लहान मुलांसाठी आहे. आपल्या मोठ्या माणसांना जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या, औषध लावलेली मच्छरदाणी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, यांचाच आधार. गोळ्या परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. घरी आलो म्हणून थांबवायच्या नाहीत.

लपवण्यासारखं काय होतं?

भाऊजी सहाव्या दिवशी घरी आले. या इंजेक्शनांनंतर काही जणांच्या तांबड्या पेशी उशिरा फुटतात, म्हणून महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासायला लावलं होतं. तेही नीट पार पडलं.

एका संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मीच तोंड बंद केलं गं त्याचं." मी म्हटलं, "आई, मीही तिथंच उभी होते." खरंच, दोष एकट्या त्यांचा नव्हता. आम्ही लोकांना भ्यालो. आणि ज्या गोष्टीला भ्यालो ती मुळात नव्हतीच! मलेरिया शिवल्यानं, जवळ बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. तो डासानं पसरतो. आजाऱ्याला मच्छरदाणीत झोपवलं नि घराभोवतीचं साठलेलं पाणी काढलं की झालं. सवाष्णी खुशाल हळदीकुंकू घेऊन गेल्या असत्या.

नोव्हेंबरात भाऊजी परत गेले. बॅग जावेनं भरली. मच्छरदाणी सगळ्यात वर ठेवली, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या लाडवांच्या डब्याशेजारी. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, त्यांच्या परत यायच्या महिन्याच्या पानावर, तिनं आपल्या हातानं लिहून ठेवलंय : 'ताप आला तर पहिलं वाक्य – हे नायजेरियाहून आलेत.'

बहिणींनो, तुमच्याही घरी कुणी लांबून येणार असेल, तर असं एक वाक्य कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि वेळ आलीच, तर मोठ्यानं म्हणा.